तारखेने ओळी लावायच्या तर तारीख उलटी करा

एका टेक्स्ट फाइलमध्ये तीन नोंदी आहेत: ०१-१२-१९९४, ०२-०३-१९९३ आणि १५-०१-१९९२. स्क्रिप्टला (छोट्या प्रोग्रॅमला) नुसते ‘सॉर्ट कर’, म्हणजे क्रमाने लाव, म्हटले तर ती त्या याच क्रमाने परत देते. म्हणजे सगळ्यात जुनी नोंद तळाला. स्क्रिप्टच्या लेखी ती तारीख नसतेच, डावीकडून वाचायची अक्षरे असतात. महिना इंग्रजी नावाने लिहिला असेल तर एप्रिल पहिला येतो, मागोमाग ऑगस्ट, आणि डिसेंबर फेब्रुवारीच्या आधी.

लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल ही प्रोग्रॅमिंग भाषा आणली ती अशाच मजकुराच्या ढिगांतून अहवाल काढण्यासाठी. पर्लच्या सॉर्टला तुलनेचा नियम आपण देऊ शकतो: दोन ओळी घे, दोन्हींतली तारीख सुटी कर, आधीची कोणती ते सांग. उत्तर बरोबर येते, पण रखडत. १,००० ओळी लावायला साधारण ९,००० तुलना लागतात आणि दर तुलनेत दोन तारखा फोडायच्या. तारखा १,०००च, फोडाफोड मात्र १८,००० वेळा.

यावरचा गाजलेला तोडगा तारखेसाठी निघालाच नव्हता. ओळी शेवटच्या शब्दाप्रमाणे कशा लावायच्या, असे कुणीतरी युझनेट या जुन्या ऑनलाइन चर्चा-जाळ्यावर विचारले होते. १६ डिसेंबर १९९४ रोजी रँडल श्वार्ट्झ यांनी उत्तर दिले. पर्ल ५ येऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. प्रत्येक ओळीतली ‘की’, म्हणजे जिच्यावरून क्रम लावायचा तो भाग, एकदाच काढून ओळीला जोडायची, जोड्या कीप्रमाणे लावायच्या, मग की टाकून द्यायची. मॅप, सॉर्ट, मॅप (मॅप म्हणजे प्रत्येक ओळीवर तीच क्रिया). आणि कोड वाचायचा खालून वर. कल्पना मूळची लिस्प या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतली. इंग्रजीत लिस्प म्हणजे बोबडेपणाही, म्हणून आपण पर्ल बोबडी बोलतोय, अशी कोटी श्वार्ट्झ यांनी स्वतःच केली. पर्लवर लिहिणारे टॉम ख्रिश्चनसेन यांनी या युक्तीला ‘श्वार्ट्झियन ट्रान्सफॉर्म’ म्हटले आणि ते नाव चिकटले.

१९९९ मध्ये युरी गटमन आणि लॅरी रॉस्लर आणखी पुढे गेले. की वेगळी ठेवायचीच कशाला? ती ओळीच्या डोक्यावरच चिकटवा, वर्ष-महिना-दिवस अशी, आणि साधे सॉर्ट चालवा. तुलनेचा नियमच नको. मला हा टप्पा सगळ्यात गमतीचा वाटतो, कारण तारीख अशीच लिहा हे आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून सांगत होते. सगळी हुशारी चालली होती ती मुळात उलट लिहिलेली तारीख सरळ करण्यात.

वर्षाचाही घोळ होताच. पर्लचे लोकलटाइम हे तारीख-वेळ सांगणारे फंक्शन वर्षातून १९०० वजा करून देते. ९९ नंतर आले १००, आणि पुढे ‘१९’ चिकटवणाऱ्या स्क्रिप्टांनी १ जानेवारी २००० ला १९१०० छापले. तोच आकडा मजकूर म्हणून लावला की १०० जाऊन बसते ९९ च्या आधी. युनिक्सच्या जुन्या सिसलॉगमध्ये (यंत्रणेच्या नोंदवहीत) तर वर्षच नसायचे. वर्षासकट पूर्ण तारीख २००९ च्या आरएफसी ५४२४ या इंटरनेट मानकाने आणली.

पायथन या दुसऱ्या भाषेतले लोक हीच जोडी-सॉर्ट-सोडणी हाताने लिहीत. नोव्हेंबर २००४ च्या २.४ आवृत्तीत सॉर्टला ‘की’ मिळाली आणि युक्ती भाषेच्या पोटात गेली.

मराठी नोंदींत एक वळण जास्तीचे. देवनागरी अंक युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात) ० ते ९ ओळीने आहेत, त्यामुळे २०२४-०३-०५ अशा तारखा जशाच्या तशा नीट लागतात. पण फाइल दोघांनी भरली असेल, एकाने देवनागरी आणि दुसऱ्याने इंग्रजी अंकांत, तर इंग्रजीतली सगळी वर्षे आधी आणि देवनागरीतली सगळी नंतर. पायथनचे इंट (मजकुरातून आकडा काढणारे फंक्शन) दोन्ही लिप्यांतले अंक ओळखते, तेव्हा की काढताना वर्ष, महिना, दिवस इंटमधून काढून घेतले की दोघांच्या नोंदी एकाच रांगेत बसतात.