हळदीचे तीन पिवळे ठिपके

‘९५ टक्के कर्क्युमिन’ असं ठळक छापलेल्या हळदीच्या कॅप्सूल हल्ली औषधांच्या दुकानात सर्रास दिसतात. घेणाऱ्याला वाटतं, आत कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा एकच शुद्ध पदार्थ आहे. बहुतेक वेळा ते तीन पदार्थांचं मिश्रण असतं. हे पाहायला बीएस्सीला शिकवतात ती टीएलसी, म्हणजे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी ही मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणारी पद्धत, पुरेशी आहे. १९३८ मध्ये युक्रेनमधल्या खार्किव्हला इझ्माइलोव्ह आणि श्रायबर या संशोधकांनी काचेवर अॅल्युमिनाचा थर देऊन वनौषधींचे अर्कच तपासले होते.

आज सिलिका जेलच्या तयार प्लेट मिळतात. खालून एक सेंटीमीटरवर पेन्सिलने रेघ मारायची. पेनने नाही, कारण शाईही द्रावकाबरोबर वर चढते. हळद अॅसिटोनमध्ये ढवळून, गाळून, त्याचा बारीकसा ठिपका केशनळीने रेघेवर द्यायचा. ठिपका मोठा झाला की वर जाताना शेपूट धरतो. मग फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), झाकण असलेल्या बीकरमध्ये ९५ भाग क्लोरोफॉर्म आणि ५ भाग मिथेनॉल घेऊन प्लेट उभी करायची. द्रावकाची पातळी मात्र रेघेच्या खालीच हवी.

थोड्याच वेळात एका ठिपक्याचे तीन होतात. सगळ्यात वर कर्क्युमिन, मध्ये डिमेथॉक्सीकर्क्युमिन, खाली बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन. या क्रमामागचं कारण मला फार आवडतं. सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते हायड्रोजन बंधाने रेणूंना धरतात. रेणू चिकटतो, सुटतो, द्रावकाबरोबर थोडा सरकतो, पुन्हा चिकटतो. कर्क्युमिनच्या दोन टोकांना दोन बेंझीन वलयं आहेत. प्रत्येक वलयावर एक हायड्रॉक्सिल आणि त्याला लागूनच एक मेथॉक्सी गट. हे दोघे शेजारी आपसातच हायड्रोजन बंध जोडतात, त्यामुळे तो हायड्रॉक्सिल सिलिकाच्या हाती पुरता लागत नाही. एक मेथॉक्सी काढला की एक हायड्रॉक्सिल मोकळा होतो, दोन्ही काढले की दोन्ही. जितके मोकळे, तितकी पकड घट्ट आणि ठिपका तितका खाली. द्रावक ६ सेंटीमीटर चढलं आणि ठिपका ४.५ वर थांबला, तर आरएफ, म्हणजे ठिपक्याचं अंतर भागिले द्रावकाचं अंतर, ०.७५. हवेतल्या दमटपणानेही हा आकडा हलतो, म्हणून शेजारी माहितीतला नमुना लावतातच.

‘केमिकल-फ्री हळद’ ही जाहिरात मला खटकते, कारण हळदीचा रंग हाच तीन रसायनांचा आहे. भेसळ ओळखायचे व्हॉट्सअॅपवरचे तोडगेही विश्वासाचे नाहीत. भेसळीतला मेटॅनिल यलो हा विद्युतभारित कृत्रिम रंग, त्यामुळे या द्रावकात तो रेघेजवळच अडकून राहतो आणि वेगळा दिसतो. भेसळीतलंच लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेलं पिवळं रंगद्रव्य, मात्र टीएलसीला सापडणार नाही. ते अॅसिटोनमध्ये विरघळतच नाही, गाळणीवरच राहतं. हळदीतलं शिसं शोधायचं तर धातू मोजणारी वेगळी चाचणीच लागते.