‘पाच दे’ म्हटलं तर मूठभर: बालवर्गाची तयारी जोखायची कशी?

हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि विरुद्ध बाजूचा कान पकडायचा. कान हाताला लागला तर शाळेत प्रवेश, नाहीतर पुढच्या वर्षी या. जन्मनोंदी नीट नसत त्या काळात जगाच्या अनेक भागांत मुलाचं शाळेचं वय असं ठरवलं जायचं. यात थोडं शास्त्र आहेही. लहानपणी अंगाच्या मानाने डोकं मोठं आणि हात आखूड असतात. सहाव्या वर्षाच्या आसपास हे प्रमाण बदलतं. पण कान पकडता आला यावरून हात लांब झाले एवढंच कळतं.

आज ही रीत ऐकून हसू येतं. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला अनोळखी माणसासमोर बसवायचं, त्याच्याकडून रंग, अक्षरं आणि वीसपर्यंतचे अंक वदवून घ्यायचे आणि त्यावरून ते बालवर्गासाठी तयार आहे की नाही हे ठरवायचं, ही पद्धत तरी फार पुढे कुठे गेली आहे? अंकांचंच घ्या. दहापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या लहान मुलासमोर ठोकळ्यांचा ढीग ठेवा आणि ‘पाच दे’ म्हणा. पुष्कळ मुलं सरळ मूठ भरून देतात. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९० मध्ये अशाच प्रयोगांतून दाखवलं, की अंक म्हणणं आणि संख्या कळणं यांत बरंच अंतर असतं. आधी फक्त ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. आणि मग कधीतरी उलगडा होतो, की मोजताना शेवटी जो अंक येतो तीच सगळ्यांची मिळून संख्या. बऱ्याच मुलांना हे साडेतीन-चारच्या सुमारास उमगतं, काहींना बरंच नंतर. पाठांतर ऐकणाऱ्या परीक्षकाला हे उमगलेलं मूल आणि न उमगलेलं मूल सारखंच वाटतं.

दुसरा एक प्रयोग खेळासारखा आहे. ‘डोक्याला हात लाव’ म्हटलं की पायाच्या बोटांना हात लावायचा, आणि ‘पायाला’ म्हटलं की डोक्याला. जमलं की त्यात गुडघे आणि खांदेही येतात. मेगन मॅक्लेलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली ही चाचणी संशोधनात बरीच वापरली जाते. यात मुलाला सूचना ऐकावी लागते, उलटा नियम डोक्यात धरून ठेवावा लागतो आणि आपसूक उठणारा हात आवरावा लागतो. पंचवीस मुलांच्या वर्गात आपली पाळी येईपर्यंत थांबायलाही हेच कौशल्य लागतं, आणि ते पाठ करून येत नाही.

मग पुढच्या अभ्यासाशी सगळ्यांत जास्त संबंध कशाचा? ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या सहा दीर्घकालीन पाहण्यांची आकडेवारी तपासून २००७ मध्ये याचं उत्तर दिलं. शाळेत येतानाची गणिताची समज पहिल्या क्रमांकावर, त्यामागे वाचनाशी निगडित कौशल्यं आणि मग लक्ष देण्याची क्षमता. खोडकरपणा किंवा मिसळून वागणं यांचा पुढच्या गुणांशी फारसा संबंध दिसला नाही. अनेकांना हा निष्कर्ष अनपेक्षित होता. (म्हणून मिसळून वागणं बिनमहत्त्वाचं ठरत नाही, तिथे फक्त अभ्यासातली प्रगती मोजली होती.)

पण असे निष्कर्ष हजारो मुलांच्या सरासरीचे असतात. कॅरेन ला पॅरो आणि रॉबर्ट पियान्टा यांनी २००० मध्ये ७० दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले. पहिली-दुसरीत मुलामुलांच्या प्रगतीत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम पाव हिस्सा आधीच्या बौद्धिक चाचण्यांवरून सांगता येत होता. सामाजिक वागणुकीच्या बाबतीत तर दहा टक्के किंवा त्याहूनही कमी. उरलेला पाऊण हिस्सा अशा चाचण्यांच्या हाती लागतच नाही, आणि तेवढ्या आधारावर एखाद्या मुलाला नापास ठरवणं मला धाडसाचं वाटतं.

या वयाची मुलं मोजायला अवघडच असतात. सकाळी झोप मोडली, समोरच्या बाई नवख्या वाटल्या, की येत असलेलंही ओठांवर येत नाही. घरची भाषा वेगळी असेल तर आकलनाऐवजी भाषेचीच परीक्षा होते. मधल्या कानात द्रव साचणं या वयात अगदी सर्रास दिसतं. त्याने ऐकू येणं कमी-जास्त होतं आणि मूल ‘लक्ष देत नाही’ किंवा ‘ऐकतच नाही’ असं वाटतं. म्हणून कानाची आणि डोळ्यांची तपासणी मात्र जरूर करावी. तिच्यातून दोष सापडला तर उपाय करता येतो.

वयाचा मुद्दा वेगळाच आहे. एकाच वर्गात जवळपास वर्षभराने लहान-मोठी मुलं असतात, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा वर्ष म्हणजे पाचवा हिस्सा. अमेरिकेत १ सप्टेंबर ही प्रवेशाची सीमारेषा असलेल्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सर्वांत लहान ठरतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांपेक्षा या मुलांमध्ये एडीएचडीचं (लक्ष न लागणं आणि अतिचंचलता या विकाराचं) निदान ३४ टक्क्यांनी जास्त आढळलं. मेंदूचा विकार काही जन्माचा महिना बघून होत नाही. लहान मुलाचं साधं लहानपणच आजार म्हणून नोंदवलं जात असावं.

मग एक वर्ष थांबावं का? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येल विद्यापीठातले बालविकासाचे अभ्यासक आर्नल्ड गेसेल यांचा भर आतून होणाऱ्या परिपक्वतेवर होता, आणि ‘थांबा, पिकू द्या’ हा सल्ला त्याच विचारातून आला. डेन्मार्कमध्ये उशिरा शाळेत गेलेल्या मुलांमध्ये सातव्या वर्षी अतिचंचलता बरीच कमी दिसली, हे खरं. पण तिथे थांबलेल्या मुलालाही चांगली पूर्वप्राथमिक व्यवस्था मिळते. ते वर्ष कुठे आणि कसं जाणार, हे पाहिल्याशिवाय नुसतं थांबण्याला अर्थ नाही. शिवाय कुणीही थांबलं तरी वर्गात सगळ्यांत लहान कुणीतरी असणारच.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तयार झालेली प्रश्नावली मला म्हणूनच जास्त शहाणपणाची वाटते. तीत मुलाला काहीच विचारत नाहीत. काही महिने वर्गात त्याला पाहिलेली शिक्षिका सुमारे शंभर प्रश्नांची उत्तरं देते: तब्येत, इतरांशी वागणं, भावना सांभाळणं, भाषा व विचार, आणि संवाद व सामान्य ज्ञान या पाच अंगांनी. ऑस्ट्रेलियात २००९ पासून दर तीन वर्षांनी तिच्याच आधारे देशभरातल्या मुलांची पाहणी होते. निकाल मुलागणिक लावत नाहीत, तो वस्तीचा किंवा विभागाचा असतो. कुठल्या भागात भाषेसाठी मदत लागेल, कुठे आरोग्यसेवा कमी पडते आहे, ते त्यावरून कळतं. एखाद्या मुलाला प्रवेश द्यायचा की नाही, हे ठरवायला ती बनवलेलीच नाही.