संशोधकाची जबाबदारी कुठपर्यंत?

संशोधनाच्या सामाजिक जबाबदारीविषयी वैज्ञानिक बोलतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा प्रामाणिक नोंदी, पडताळून पाहता येणारे निष्कर्ष आणि प्रयोगातली सुरक्षितता असते. धोरणकर्ता हे सारे गृहीत धरून पुढचे विचारतो: सार्वजनिक पैशातून होणारे हे काम कोणाच्या उपयोगाचे, आणि त्याचे धोके कोणाच्या वाट्याला येणार?

एका जीवाचा डीएनए दुसऱ्यात जोडण्याचे तंत्र नुकतेच हाती आले होते, तेव्हा १९७४ मध्ये अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग आपणहून थांबवण्याचे आवाहन केले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे जमलेल्या वैज्ञानिकांनी धोक्याच्या प्रमाणात खबरदारीचे नियम सुचवले. हा संयम खरोखरच गौरवास्पद होता. तरीही चर्चा मुख्यतः सूक्ष्मजीव प्रयोगशाळेबाहेर निसटण्यापुरती राहिली, आणि जैविक शस्त्रे किंवा माणसाच्या जनुकांतील फेरफार हे प्रश्न बाजूला ठेवले गेले. १९७६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ ज्या शहरात आहे त्या केंब्रिजच्या नगरपरिषदेने डीएनए जोडण्याचे काही प्रयोग काही महिने रोखले आणि सामान्य नागरिकांची समिती नेमली. समितीने सर्व बाजू ऐकून, काही जादा अटी घालून, प्रयोगांना संमती दिली. लोकांना विचारले तर विज्ञान अडून बसेल, ही भीती तिथे तरी निराधार ठरली.

युरोपीय संघाने २०१४ ते २०२० च्या ‘होरायझन २०२०’ कार्यक्रमात लोकसहभाग, स्त्री-पुरुष समानता, नीतिमत्ता यांना निधीच्या चौकटीत स्थान दिले. हेतू चांगला आहे. पण जबाबदारी अर्जातला एक रकाना होऊन बसली, तर तो भरला की विचार संपतो, ही संशोधकांची तक्रार मला रास्त वाटते. मूलभूत संशोधनाचे परिणाम आधी सांगता येत नाहीत, हेही खरेच. तंत्रज्ञानाच्या सामाजिक नियंत्रणाचे अभ्यासक डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी १९८० मध्ये हाच पेच मांडला: तंत्रज्ञान बदलणे सोपे असते तेव्हा त्याचे परिणाम ठाऊक नसतात, आणि ते ठाऊक होतात तेव्हा बदलणे अवघड झालेले असते. म्हणून भाकिताचा आग्रह सोडून टप्प्याटप्प्यावर थांबून विचारणे अधिक उपयोगी आहे.

ब्रिटनमधील ‘स्पाइस’ प्रकल्पात ते घडले. पृथ्वी थंड करण्यासाठी वातावरणात उंचावर सूर्यप्रकाश परतवणारे कण सोडता येतील का, हे अभ्यासताना सुमारे एक किलोमीटर उंचीवरील फुग्यातून फक्त पाणी फवारायचे होते. निधी देणाऱ्या परिषदेने नेमलेल्या समितीच्या आक्षेपांनंतर २०११ मध्ये ही चाचणी लांबणीवर पडली. २०१२ मध्ये ती संशोधकांनीच रद्द केली, आणि त्यामागे तंत्राच्या पेटंटविषयीची चिंता हे एक कारण होते.