खाते निवडताना होणारी चूक आणि ती न दिसण्याचे कारण

कोकणातील हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव उरकला की नौकामालक बर्फाचे आणि डिझेलचे पैसे चुकते करतो आणि तिथेच उभ्या उभ्या मोबाईलमधल्या हिशेबाच्या ॲपमध्ये खर्च नोंदवतो. रक्कम बरोबर असते, तारीख बरोबर असते, ‘बर्फ’ हा शेराही बरोबर असतो; फक्त ‘नौका’ या खात्याऐवजी ‘घर’ हे खाते निवडले जाते. एकूण खर्च तेवढाच राहतो, सगळ्या खात्यांची मिळून शिल्लकही तेवढीच राहते, आणि तरीही हंगामाअखेर नौकेचा धंदा प्रत्यक्षाहून अधिक फायद्याचा आणि घरखर्च प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. एकेका खात्याचा ताळा पासबुकाशी लावून पाहिला तरच ही चूक सापडेल. रोकडीच्या खात्याला तर पासबुकही नसते. म्हणून खाते निवडण्याची यादी किती देखणी किंवा किती झटपट आहे यापेक्षा ती अशी मुकी चूक होऊ देते की नाही, हाच तिचा पहिला निकष असला पाहिजे, असे मला वाटते.

निवडलेले खाते एका ओळीत दाखवणारी, शेजारी खाली वळलेला बाण असलेली आणि स्पर्श करताच उलगडणारी यादी म्हणजे ड्रॉपडाउन. खाली उलगडणारे मेनू १९८३ साली आलेल्या ॲपलच्या लिसा संगणकावर होते आणि १९९५ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल २.० या वेबपाने लिहिण्याच्या भाषेतही निवडयादीची सोय होती. पण ही रचना माऊसच्या काळातली आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिले, की लक्ष्यापर्यंत हात पोहोचायला लागणारा वेळ लक्ष्याचे अंतर आणि त्याचा आकार यांवर अवलंबून असतो: लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका वेळ जास्त. मोबाईलच्या रचनेचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये मोबाईल वापरणाऱ्या १,३३३ जणांचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांतील पडद्याला किंवा बटणांना स्पर्श करणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक फोन एकाच हातात धरून अंगठ्याने चालवताना आढळले. अशा अंगठ्याला पडद्याच्या वरच्या टोकाशी उघडणारी यादी दूर पडते. खालच्या कडेपासून वर सरकणारी, रुंद ओळींची यादी मोबाईलवर म्हणूनच अधिक सोयीची ठरते, मग तिला सवयीने ड्रॉपडाउन म्हटले तरी चालेल.

ओळीच्या उंचीबाबत अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत ४८ आणि ॲपलच्या सूचनांत ४४ एकके हे किमान माप आहे. प्रत्यक्षात ते साधारण ७ ते ९ मिलिमीटर भरते. किनाऱ्यावर मात्र एवढ्याने भागेलच असे नाही, आणि त्यामागे भौतिकशास्त्र आहे. आजच्या मोबाईलचा पडदा दाब ओळखत नाही. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहकाची बारीक जाळी असते. बोट टेकले की त्या ठिकाणची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि तो बदल मोजून स्पर्शाची जागा ठरवली जाते. शरीर विद्युतवाहक आहे म्हणून हे घडते, पण खारे पाणीही विद्युतवाहकच आहे. त्यामुळे मासळी हाताळलेल्या ओल्या बोटाचा स्पर्श पडद्याला पसरट भासतो, आणि काचेवर राहिलेल्या थेंबामुळे बोट एका ओळीवर असताना शेजारची ओळ निवडली जाऊ शकते. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत. पहिला असा, की बोट टेकताच खाते निवडले जाऊ नये, ते उचलल्यावर निवडले जावे, म्हणजे चुकीच्या ओळीवर टेकलेले बोट बाजूला सरकवून निवड टाळता येते. दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो. नोंद जतन करण्याच्या बटणावर नुसते ‘जतन करा’ असे न लिहिता ‘नौका खात्यात जतन करा’ असे लिहावे, म्हणजे शेवटच्या क्षणी नजर जिथे असते तिथेच खात्याचे नावही असेल.

यादीतील खात्यांचा क्रम हा खरा वादाचा विषय आहे. विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये आणि रे हायमन यांनी १९५३ मध्ये, या दोन मानसशास्त्रज्ञांनी, केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की पर्याय दुप्पट झाले तरी निर्णयाचा वेळ दुप्पट होत नाही, तो एका ठरावीक टप्प्यानेच वाढतो. मात्र मेनूच्या बाबतीत हा फायदा कोणता पर्याय कोठे आहे हे ठाऊक असलेल्यालाच मिळतो. नवख्या माणसाला एकेक ओळ वाचत जावे लागते. आठ खात्यांच्या यादीत त्याला सरासरी साडेचार ओळी वाचाव्या लागतील, चार खात्यांच्या यादीत अडीच. क्रम पाठ झाला की वाचणे संपते आणि अंगठा आपोआप योग्य जागी जातो.

आता अलीकडे वापरलेले खाते आपोआप वर आणणारी यादी विचारात घ्या. वरवर ती सोयीची वाटते, पण अंगठ्याने पाठ केलेली जागा ती रोज बदलते. मिचेल आणि श्नायडरमन या संशोधकांनी १९८९ मध्ये स्थिर आणि क्रम बदलणाऱ्या मेनूंची तुलना केली, तेव्हा बहुतेकांनी स्थिर मेनूलाच पसंती दिली. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये वापरानुसार बदलणारे मेनू आणले होते. २००७ च्या आवृत्तीत मुख्य प्रोग्रॅममधून ते गेले. कोकणात या प्रश्नाला ऋतूंचीही जोड आहे. साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ‘नौका’ खाते यादीच्या तळाशी जाईल आणि ऑगस्टमध्ये, खलाशांची उचल, जाळ्यांची डागडुजी आणि डिझेल यांचे खर्च एकदम सुरू होतात नेमक्या तेव्हा ते जुन्या जागी नसेल. आंबा बागायतदाराचेही तसेच: फवारणी, राखणी, पेट्या आणि वाशीच्या दलालाकडून येणे यांच्या नोंदी काही महिन्यांतच दाटतात. म्हणून क्रम खातेदाराने स्वतः लावावा आणि ॲपने तो बदलू नये. अलीकडची खाती दाखवायचीच असतील, तर ती वर दोन ओळींच्या वेगळ्या पट्टीत दाखवावीत आणि खालची मूळ यादी जशीच्या तशी ठेवावी.

नावांकडेही बारकाईने पाहिले पाहिजे. बँक ऑफ इंडिया, बँक ऑफ बडोदा आणि बँक ऑफ महाराष्ट्र यांत खाती असलेल्या देवगडच्या माणसाला अरुंद पडद्यावर तीन वेळा ‘बँक ऑफ…’ एवढेच दिसले, तर त्याने निवडायचे कशाच्या आधारे? नाव शेवटून कापण्याऐवजी दोन ओळींत मांडावे आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक सोबत द्यावेत. कापायचेच झाले तर देवनागरीत ते जपून करावे लागते. ‘रत्नागिरी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण संगणकावर अक्षरे साठवण्याच्या युनिकोड या पद्धतीत तो नऊ चिन्हांचा आहे. तिसऱ्या चिन्हानंतर कापला तर पडद्यावर ‘रत्’ उरते. रोमन लिपीसाठी ठरवलेल्या ओळीच्या उंचीत रफार आणि उकार छाटले जातात, हेही मराठी वाचकाने अनेकदा पाहिले असेल.

आधीच निवडून ठेवलेले खाते कोणते असावे, याचे उत्तर मला सोपे वाटते: सलग नोंदी करताना मागचेच खाते राहावे, पण ॲप बंद करून पुन्हा उघडले की खातेदाराने ठरवलेले मुख्य खाते यावे. बँकेतून रोकड काढणे हा खर्च नाही, ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झालेली बदली आहे. तिथे दोन याद्या लागतात आणि पहिल्या यादीत निवडलेले खाते दुसरीत निवडता येता कामा नये.

पडद्यामागे नोंदीत साठवायचे ते काय, हा शेवटचा प्रश्न. ‘यादीतील तिसरे खाते’ असे साठवले तर क्रम बदलताच जुने सगळे हिशेब दुसऱ्याच खात्याला चिकटतील. नाव साठवले तर नाव बदलल्यावर धागा तुटेल, आणि नावे बदलतातच: १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचे एकत्रीकरण झाले आणि कोकणातल्या खातेदारांच्या बँकेचे नाव महाराष्ट्र ग्रामीण बँक झाले. म्हणून प्रत्येक खात्याला निर्माण होतानाच एक कायमचा, कधीही न बदलणारा ओळखक्रमांक द्यावा. नाव, क्रम आणि रंग हे त्यावर चढवलेले तपशील. बंद झालेले खातेही पुसून टाकू नये, नव्या नोंदीच्या यादीतून फक्त वगळावे. मात्र त्या खात्यातली जुनी नोंद दुरुस्तीसाठी उघडली, तर तेवढ्यापुरते ते यादीत दिसलेच पाहिजे. नाहीतर यादीला ते खाते सापडणार नाही, ती निमूटपणे पहिल्या ओळीवर येऊन थांबेल, आणि रकमेतला एक अंक सुधारायला उघडलेली नोंद जतन होताना खातेही बदलून जाईल.