औषधांची विक्री आणि घरातला रुग्ण : ग्राहकांच्या लढ्याची पार्श्वभूमी

औषध हा असा माल आहे की तो निवडतो एक, त्याचे पैसे मोजतो दुसरा आणि तो पोटात जातो तिसऱ्याच्या. निवडणारा डॉक्टर, पैसे मोजणारा बहुधा घरातला कमावता माणूस आणि औषध घेणारा अंथरुणावरचा रुग्ण. कापड किंवा पंखा घेताना ग्राहकाला जो नकार देता येतो तो मेडिकलच्या दुकानात देता येत नाही. चिठ्ठीवर जे लिहिले आहे ते घ्यावे लागते आणि मनात शंका आली तरी ती बोलून दाखवण्याची ती वेळ नसते. औषध कंपन्यांच्या विक्रीपद्धतींविरुद्ध ग्राहकांनी दिलेल्या लढ्याचा इतिहास पाहताना ही अडचण आधी ध्यानात घ्यावी लागते, कारण ज्याच्याकडे तक्रारीचे सर्वांत मोठे कारण असते त्याच्याचकडे वेळ, पैसा आणि मनाची उभारी यांची सर्वांत जास्त टंचाई असते. या लढ्याला जेव्हा जेव्हा यश आले तेव्हा आजारी घरांच्या अनुभवाला डॉक्टर, वकील किंवा खुद्द कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी यांपैकी कोणाची तरी जोड मिळालेली होती, असे मला दिसते.

स्वातंत्र्यानंतर या विषयावरचा पहिला महत्त्वाचा कायदा १९५४ साली आला. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम असे त्याचे नाव असून कर्करोग, मधुमेह यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना त्याने मनाई केली. केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची जाहिरात सर्वसामान्य लोकांसाठी करण्यावरही आपल्याकडे बंधन राहिले. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर अशा औषधांच्या जाहिराती सर्रास दिसतात, विशेषतः १९९७ मध्ये तेथील नियम सैल झाल्यापासून. भारतात ते घडले नाही, ही जमेची बाजू आहे. मात्र त्यामुळे विक्रीचा सगळा जोर डॉक्टरांकडे वळला. दवाखान्याच्या बाकावर रुग्णांच्या शेजारी मांडीवर बॅग घेऊन बसलेला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. डॉक्टरांच्या टेबलावरचे पेनस्टँड, भिंतीवरचे कॅलेंडर आणि ज्या कागदावर औषध लिहून मिळते तो कागदाचा गठ्ठाही पुष्कळदा कोणत्या तरी गोळीच्या नावाने छापलेला असतो. रुग्णासमोर हे सगळे उघडे असते, पण त्याचा आपल्या बिलाशी काय संबंध आहे हे तेथे बसून कळत नाही.

तो संबंध सरकारी पातळीवर प्रथम ठळकपणे मांडला हाथी समितीने. खासदार जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील या समितीचा अहवाल १९७५ मध्ये आला. देशाच्या गरजा शंभराहून थोड्या अधिक अत्यावश्यक औषधांत भागू शकतात आणि ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने बंद करून औषधे मूळ नावाने, म्हणजे आतल्या औषधी घटकाच्या नावाने विकली जावीत, असे समितीने सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेची अत्यावश्यक औषधांची पहिली यादी त्यानंतर, १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रँड-नावे हटवण्याची सुरुवात मोजक्या औषधांपासून करण्याचा प्रयत्न झाला, पण तो न्यायालयात अडकला.

महाराष्ट्रात त्याच सुमारास दोन वेगवेगळे प्रवाह आकाराला येत होते. एक ग्राहक चळवळीचा : मुंबईत १९६६ साली नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. भेसळ, वजनमापे, टंचाई आणि भाव हे सुरुवातीचे मोठे प्रश्न होते. दुसरा प्रवाह डॉक्टरांमधला : १९७४ मध्ये स्थापन झालेल्या मेडिको फ्रेंड सर्कलने आणि पुढे लोकविज्ञान संघटनेने औषधांच्या अशास्त्रीय वापराविरुद्ध सातत्याने लिहिले व बोलले. पुण्याचे डॉ. अनंत फडके यांनी या विषयाला आयुष्यातील कितीतरी वर्षे दिली. सातारा जिल्ह्यातील औषधपुरवठा आणि औषधवापर यांचा त्यांचा अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे. ग्राहकांना औषधातले कळत नव्हते आणि डॉक्टरांना ग्राहकांइतकी माणसे जमवता येत नव्हती. हे प्रवाह एकत्र आल्याशिवाय काही घडणार नव्हते, आणि ते एकत्र येण्याचे सर्वांत मोठे निमित्त ठरली एक गोळी.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या मोठ्या मात्रेच्या मिश्रणाला चळवळीत ‘ईपी फोर्ट’ म्हणत. पाळी चुकली की दुकानात जाऊन ही गोळी आणायची. घेतल्यावर रक्तस्राव झाला तर गर्भ नाही, झाला नाही तर गर्भ आहे, असा तिचा गर्भचाचणी म्हणून वापर होई. गर्भ नको असणाऱ्या स्त्रियाही ती घेत, आणि त्यासाठी ती बहुधा निरुपयोगीच होती. गर्भ असेल तर हा संप्रेरकांचा मारा नेमका त्याच आठवड्यांत होत असे ज्यांत बाळाचे हृदय आणि हातपाय घडत असतात. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ इसाबेल गाल यांनी १९६७ मध्येच संप्रेरकांची गर्भचाचणी आणि बाळातील व्यंगे यांच्या संभाव्य संबंधाकडे लक्ष वेधले होते. तेथे हे औषध ‘प्रायमोडॉस’ या नावाने विकले जाई आणि १९७८ मध्ये ते बाजारातून गेले. लघवीची साधी, निर्धोक तपासणी उपलब्ध झाल्यावर अशा गोळीची गरजही उरली नव्हती. भारतात मात्र तिचा खप चालूच राहिला.

ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क, व्हॉलंटरी हेल्थ असोसिएशनच्या डॉ. मीरा शिवा, मेडिको फ्रेंड सर्कल आणि मुंबईसह अनेक शहरांतील स्त्री संघटना यांनी या औषधाविरुद्ध मोहीम उघडली. १९८२ मध्ये औषध नियंत्रकांनी बंदीचा आदेश काढला; कंपन्यांनी कलकत्ता आणि मुंबई उच्च न्यायालयांतून त्याला स्थगिती मिळवली आणि विक्री पुन्हा सुरू राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर औषध नियंत्रकांना जाहीर सुनावणी घ्यावी लागली. सुनावण्यांत एका बाजूला स्त्री संघटना व आरोग्य कार्यकर्ते, तर दुसऱ्या बाजूला कंपन्या आणि त्यांच्या बाजूने बोलणारे काही स्त्रीरोगतज्ज्ञ असे चित्र दिसले. अखेर १९८८ मध्ये बंदी आली. पहिला आदेश निघाल्यापासून सहा वर्षे गेली होती, आणि त्या सहा वर्षांत गोळी दुकानांत मिळत होती.

या प्रकरणात ज्यांचे सर्वाधिक नुकसान होण्याची शक्यता होती त्या आयांचा आवाज कागदपत्रांत फार थोडा सापडतो, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. गोळी दुकानातून सुटी, बिलाशिवाय घेतलेली. पाकीट फेकून दिलेले. पुष्कळदा घरात कोणाला न सांगता घेतलेली. मूल जन्मल्यावर, त्याचे व्यंग लक्षात आल्यावर आणि दवाखान्यांच्या फेऱ्या सुरू झाल्यावर त्या बाईने कोणता पुरावा घेऊन कोठे जायचे? ब्रिटनमधील पालकांनी संघटना बांधली, दशकानुदशके पाठपुरावा केला, आणि २०२० मध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्या समितीने या औषधाबाबत १९६७ मध्येच कारवाई व्हायला हवी होती, असे नमूद केले. तोवर ती मुले पन्नाशीच्या आसपास पोहोचली होती आणि कित्येक आईवडील हयात नव्हते. तरीही २०२३ मध्ये त्यांचे भरपाईचे दावे पुढे चालवण्यास तेथील न्यायालयाने नकार दिला. सरकारी सेवेत रुग्णाची नोंद राहते अशा देशात ही स्थिती, तर आपल्याकडच्या आईला काय मिळणार होते?

हाथी समितीने ज्या ब्रँड-नावांबद्दल सावध केले होते, त्यांचा अर्थ मला वडिलांच्या आजारपणात उमगला. हृदयाच्या डॉक्टरांनी आणि पोटाच्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन चिठ्ठ्यांवर दोन निराळी नावे होती, दोन निराळ्या रंगांच्या स्ट्रिप होत्या, आणि दोन्हींच्या मागे बारीक अक्षरांत एकच औषध छापलेले होते : पॅन्टोप्राझोल. वडील दोन्ही गोळ्या घेत होते. घरोघरी जेथे दोन-तीन तज्ज्ञांचे उपचार एकाच वेळी चालतात तेथे हे घडते. आणि औषधांच्या डब्यासमोर बसून स्ट्रिपची मागची बाजू वाचण्याचे काम सुश्रूषा करणाऱ्या माणसाकडे येते, ज्याला ते कोणी शिकवलेले नसते.

एका गोळीत दोन-तीन औषधे घालून नवे नाव देण्याचा प्रकार याहून गुंतागुंतीचा. प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीच्या शिफारशीनंतर केंद्र सरकारने १० मार्च २०१६ रोजी अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. तोच ईपी फोर्टचा मार्ग : आदेश, स्थगिती, प्रतीक्षा, आणि दरम्यान विक्री.

रुग्णांच्या संघटनेने स्वतः पुढाकार घेऊन लढा जिंकल्याचे उदाहरण मुंबईचे आहे. रक्ताच्या एका कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ या औषधासाठी नोव्हार्टिस कंपनीला २००३ मध्ये भारतात विक्रीचा एकाधिकार मिळाला. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात आणि भारतीय कंपन्यांच्या औषधाचा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, असा फरक होता. कंपनी अनेक रुग्णांना औषध मोफत देत होती, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध उभे राहणे रुग्णांना अवघड होते. उद्या ती मदत थांबली तर, ही धास्ती खोटी नव्हती. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने तरीही कंपनीच्या पेटंटच्या अर्जाला हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ही लढाई पेटंटची होती, पण मोफत औषधाची देणगी आणि बाजारावरचा ताबा एकाच हातात कसे नांदतात हे तिच्यामुळे लोकांना दिसले.

डॉक्टरांना मिळणाऱ्या भेटींचा प्रश्न कायद्याच्या कक्षेत बराच उशिरा आला. मेडिकल कौन्सिलने डिसेंबर २००९ मध्ये नियमांत दुरुस्ती करून डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास आणि रोख रक्कम घेण्यास मनाई केली. घेणाऱ्यावर बंधन आले, देणारा मोकळा राहिला. २०१२ मध्ये प्राप्तिकर खात्याने अशा खर्चावर करसवलत मिळणार नाही असे परिपत्रक काढले, आणि २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले. न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांच्या पीठासमोर आलेल्या भेटींमध्ये सोन्याची नाणी, फ्रिज, दूरचित्रवाणी संच आणि लॅपटॉप यांचा समावेश होता. औषध होते जीवनसत्त्वाची गोळी. अशा भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत मिसळून रुग्णाकडूनच वसूल होतो, हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले. आजारी घरांना हे बिलातून जाणवतच होते. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने औषधे मूळ नावाने लिहिण्याची सक्ती करणारे नवे नियम काढले आणि डॉक्टरांच्या संघटनांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात स्थगित केले.

अगदी अलीकडचा विजय जुलाबाने हैराण झालेल्या मुलांच्या बाबतीत मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार ओआरएसच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्याच्या कित्येक पट साखर असलेली गोड पेये नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे ठेवून मेडिकलच्या काउंटरवर विकली जात होती, आणि ताप-जुलाबाचे मूल कडेवर घेऊन आलेली आई ती औषध समजून नेत होती. एवढ्या साखरेने जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षे हा प्रश्न लावून धरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात ती अक्षरे वापरण्यास मनाई केली.

मूळ विक्रीपद्धतींवरचे नियमन मात्र अजूनही अर्धवट आहे. औषध कंपन्यांसाठीची आचारसंहिता १ जानेवारी २०१५ पासून ऐच्छिक स्वरूपात लागू झाली. औषध विक्री प्रतिनिधींच्या अखिल भारतीय महासंघाने तिला कायद्याचे बळ द्यावे यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ज्यांच्या हातून भेटी पोहोचवल्या जातात त्यांनीच हे मागावे, याला माझ्या मते फार महत्त्व आहे. १२ मार्च २०२४ रोजी नवी संहिता आली. मोफत नमुन्यांचे मूल्य कंपनीच्या देशांतर्गत विक्रीच्या दोन टक्क्यांपर्यंत मर्यादित झाले आणि डॉक्टरांच्या परदेश सहलींना बंदी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस ३० डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेल्याबद्दल एका बहुराष्ट्रीय कंपनीवर ठपका ठेवण्यात आला, परंतु संहितेला स्वतंत्र कायद्याचा आधार नसल्याने संहितेखालची शिक्षा तेवढ्यावरच राहिली. रुग्णाच्या नातेवाइकाला तक्रार करायची असेल तर ती कंपन्यांच्याच संघटनेने नेमलेल्या समितीकडे, एक हजार रुपये भरून, पुराव्यासह करावी लागते. आणि तो पुरावा असतो डॉक्टरांच्या केबिनमध्ये, जेथे नातेवाईक दहा मिनिटांसाठी, रुग्णाचा हात धरून, उद्याच्या औषधाची चिठ्ठी घ्यायला गेलेला असतो.