पार्श्वभूमी : गाळाचे कुपोषण

भिवंडीत यंत्रमागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, म्हणजे धागा तुटत नाही. कापड विणून झाले की हीच खळ धुऊन काढावी लागते, आणि सुती कापडाच्या सांडपाण्यातला मोठा सेंद्रिय भार तिथूनच येतो. स्टार्चची खळ जिवाणू आवडीने खातात. मात्र तिच्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळपास नाहीत.

हवा देऊन वाढवलेल्या गाळाकडून, म्हणजे जिवाणूंच्या गोळ्यांकडून, पाणी शुद्ध करून घेण्याची रीत १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवली. ते शहराचे मैलापाणी होते. जिवाणूंना लागणारे सारे त्यात आधीच होते. कारखान्यांच्या पाण्यात मात्र नायट्रोजन-फॉस्फरसची उणीव उघडी पडली. १९५० च्या दशकापासून १००:५:१ हे प्रमाण रूढ झाले : बीओडी (जिवाणूंना खाता येईल अशा सेंद्रिय भाराचे माप) शंभर, तर नायट्रोजन पाच आणि फॉस्फरस एक.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. ठाण्यात वागळे इस्टेट, पुढे डोंबिवली आणि ठाणे-बेलापूर पट्टा वसला. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आल्यावर ईटीपी, म्हणजे कारखान्यांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे, उभे राहू लागले आणि ते प्रमाण युरिया-डीएपीच्या गोण्यांतून टाकीत उतरले. टाकी सुरू करताना शेण आणि गूळही घालतात. त्याला अडाणीपणा म्हणू नये. शेणातून जिवाणूंबरोबर थोडी खनिजेही जातात.

तरीही गाळ फुगतो, बसत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. अशा वेळी सवयीने युरिया वाढवला जातो. कमतरता कित्येकदा वेगळीच असते. लोह, जस्त, मॉलिब्डेनम अगदी चिमूटभर लागतात, पण त्यांच्यावाचून एन्झाइमे चालत नाहीत. कोबाल्टशिवाय बी-१२ जीवनसत्त्व बनत नाही. मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना निकेल लागते, हे तर १९७९ मध्ये कळले. हे सूक्ष्मजीव हवाविरहित टाकीत वाढतात, आणि ॲझो रंगांचे (नायट्रोजनच्या दुहेरी बंधाच्या कृत्रिम रंगांचे) बंध तुटतात तेही अशाच टाकीत.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की रंगाच्या पाण्यात धातू असूनही जिवाणू उपाशी राहू शकतात. काही निळ्या रंगांतले तांबे रेणूतच अडकलेले असते. गंधकी काळ्या रंगासोबत येणारा सल्फाइड लोह आणि कोबाल्टला न विरघळणाऱ्या क्षारांत बांधतो. पाणी फार अल्कधर्मी असेल तर लोह, जस्त साक्याबरोबर खाली बसतात. म्हणून आधी सामू (पीएच) आणि सल्फाइड आटोक्यात आणायचे, मगच सूक्ष्म पोषके घालायची; तीही बेताने, कारण जास्त झालेले जस्त किंवा निकेल त्याच जिवाणूंना मारते. मात्रा ठरवताना एकूण धातू मोजून भागत नाही, विरघळलेले किती ते पाहावे लागते.