थर्मॉपिलीची खिंड

मध्य ग्रीसमधील कॅलिड्रोमन डोंगर आणि मालियाचे आखात यांमधील किनारपट्टीची चिंचोळी वाट. इ. स. पू. ४८० मध्ये स्पार्टाचा राजा लिओनायडस याने इराणी सम्राट झर्क्सीझच्या सैन्याला येथे अडवले. लढाई ऑगस्टमध्ये झाली की सप्टेंबरमध्ये, याविषयी मतभेद आहेत. नावाचा अर्थ ‘उष्ण दरवाजे’. डोंगराच्या पायथ्याशी गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे असून ते आजही वाहतात.

खिंड म्हटली की मराठी वाचकाला दोन कड्यांमधली घळ दिसते. येथे कडा एकाच बाजूला होता. दुसऱ्या बाजूला समुद्र व दलदल. ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसच्या वर्णनात वाटेच्या पश्चिमेस डोंगर व पूर्वेस समुद्र आहे. प्रत्यक्षात ते अनुक्रमे दक्षिणेस व उत्तरेस आहेत. यावरून त्याने जागा पाहिलीच नव्हती, असे काहींनी म्हटले. तथापि बाकीचे तपशील बरेच जुळतात. उत्तरेकडून दक्षिण ग्रीसला जाणाऱ्या रस्त्याची एकूण दिशा त्याने येथेही गृहीत धरली असावी, हे स्पष्टीकरण अधिक पटते.

वाटेवर तीन अरुंद जागा होत्या. पश्चिमेला अँथेलीजवळ आणि पूर्वेला अल्पेनीजवळ जेमतेम एक गाडी जाईल एवढीच रुंदी होती. मधल्या दरवाजाशी वाट त्याहून रुंद होती, तरी ग्रीकांनी तीच जागा निवडली. कारण बाहेरच्या दोन्ही ठिकाणी डोंगरउतार सौम्य आहे, मध्ये मात्र कडा उभा आहे. शिवाय तेथे मध्य ग्रीसमधील फोसिसच्या लोकांनी उत्तरेकडील थेसलीकरांच्या भीतीने पूर्वी बांधलेली भिंत होती. वाटेत घळी पडाव्यात म्हणून त्यांनी झऱ्यांचे गरम पाणीही तिच्यावर सोडले होते. पडझड झालेली ही भिंत ग्रीकांनी पुन्हा उभी केली. अशा जागी इराण्यांना संख्याबळाचा उपयोग होईना आणि त्यांचे भाले ग्रीकांच्या भाल्यांपेक्षा आखूड पडले. लढाईच्या तिसऱ्या दिवशी ग्रीक भिंतीपुढे रुंद भागात आले, तेव्हा इराणी सैन्यातील अनेक जण समुद्रात पडून बुडाले.

बगल देणारी डोंगरवाट म्हणजे ‘अनोपाइआ’. खिंडीजवळच्या ट्रेकिस गावाच्या परिसरातील एफिअल्टीझ याने ती दाखवली. इराणी सेनानी हायडार्नीझची तुकडी दिवेलागणीला निघाली, असोपस नदी ओलांडून रात्रभर चालली आणि पहाटे माथ्यावर पोहोचली. वारा पडलेला होता. ओकच्या पाचोळ्याची सळसळ ऐकून तेथे पहाऱ्यावर असलेल्या १,००० फोसिसकरांना शत्रूची चाहूल लागली. त्यांनी शस्त्रे चढवली, पण बाणांच्या माऱ्यापुढे ते वरच्या शिखराकडे सरकले आणि इराणी त्यांना टाळून उतरून गेले. चढ कोठून होता, हा जुना वाद आहे. असोपसची घळ, तिच्या पूर्वेचा चाल्कोमाता झरा आणि पश्चिमेचे वार्दातेस गाव असे तीन पर्याय मांडले जातात. घळ इतकी अरुंद व दगडगोट्यांची आहे, की रात्री हजारो माणसे तिच्यातून नेणे अवघड वाटते. ओइटा डोंगर उजवीकडे व ट्रेकिसचे डोंगर डावीकडे ठेवून इराणी चालले, हे हीरॉडोटसचे वाक्य निर्णायक मानावे, तर वार्दातेसचे पारडे जड ठरते. अभ्यासक प्रिचेट, वॉलेस यांनी पायी केलेल्या पाहण्यांचा कलही तिकडेच आहे.

आजची भूमी पाहून लढाईची कल्पना येत नाही. स्पर्कीओस नदीच्या गाळामुळे किनारा काही किलोमीटर दूर सरकला आहे. झऱ्यांच्या चुनखडी थरांचीही त्यात भर पडली. जमिनीत खोल छिद्रे पाडून केलेल्या, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्राचीन पृष्ठभाग अनेक मीटर खाली गाडला गेला आहे. ग्रीकांच्या शेवटच्या प्रतिकाराची टेकडी म्हणजे कोलोनोस, हे पुरातत्त्वज्ञ मारिनातोसच्या १९३९ च्या उत्खननात सापडलेल्या बाणाग्रांवरून सामान्यतः मान्य झाले आहे.

इ. स. पू. २७९ मध्ये गॉल टोळ्यांनी आणि इ. स. पू. १९१ मध्ये सिरियाचा राजा तिसरा अँटायओकस याच्याविरुद्ध रोमनांनी येथे डोंगरातूनच बगल दिली.